बोट दाखवून

शलाका सांगते, तिकडची ट्राम एकाच डब्याची,
घरांच्या परसातून जाते, इतकी जवळून
की कुणाच्या दोरीवरचे मोजे
तिला आता ओळखीचे झालेत.
ओसाकात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा,
माझ्याकडे दुपारचे तीन,
आणि बेलापूरच्या फलाटावर
मी, एक सुरक्षारक्षक
आणि तिकीट न काढता वर आलेलं कबुतर.

ट्राममध्ये फोनवर बोलत नाहीत तिकडे.
म्हणून ती कानात घालून नुसती ऐकते,
मधूनच दोन शब्द टाइप करते.
बोलायचं मी.

आमची लाइनही काही फार लांब नाही.
बेलापूर ते पेंधर, अकरा स्टेशनं.
एवढ्यात मोज्याची टाचसुद्धा विणून होत नाही.
शेजारच्या वाघुलकरबाई म्हणतात, यापेक्षा रिक्षा बरी.
म्हणू देत.
मला कुठे कुठे जायचंय?

शलाकानेच सांगितलं होतं एकदा,
आई, इथला ड्रायव्हर एकटाच बोलतो.
पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखतो
आणि म्हणतो, सिग्नल हिरवा.
दार बंद. वेळ बरोबर.
कुणी ऐकावं म्हणून नाही.
नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं निसटतं म्हणे,
बोट दाखवून तोंडाने म्हटलं की राहतं.

मी हसले.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये
न दिसणाऱ्या माणसांना मोठ्याने आकडे सांगितले,
मला काय त्याचं नवल.

त्याच आठवड्यात दूध उतू गेलं.
विझलेल्या शेगडीतून गॅस नुसताच येत राहिला
आणि मी गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीशी,
हा कसला वास, म्हणून नाव शोधत उभी.
हे तिला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी ओट्यासमोर
कुणी पाहत नाही ना, हे बघून
(कोण पाहणार होतं?)
बोट रोखलं. म्हटलं, गॅस बंद.
आवाज जरा चोरटाच निघाला.
मग नळ बंद.
किल्ली पर्समध्ये.
प्रेशरची गोळी, घेतली.
आता तिसऱ्या मजल्यावरचा रेयांशही
लिफ्टशी माझ्याबरोबर ओरडतो, दार लागलं!
त्याचं बोट माझ्यापेक्षा ताठ.

सगळ्यालाच जमत नाही.
विश्रामचा चष्मा वरच्या खणात आहे,
तिथवर बोट जातं,
पुढे काय म्हणायचं ते ठरत नाही.

पेठपाडा गेलं, अमनदूत गेलं.
समोर एक कॉलेजची मुलगी झोपलेली.
शेजारी एकजण मांडीवर नवा कुकर घेऊन, खोक्याशिवाय,
शिटी बहुधा खिशात.
खाली पाणथळीत म्हशी,
त्यांनी वर बघणं कधीच सोडून दिलंय.
हे सगळं मी शलाकाला सांगते.
ती लिहिते, कुकर किती लिटरचा?

पेंधर. गाडी इथून पुढे जात नाही.
कुकरवाला उतरला. मुलगी हलेना.
मी बोट रोखलं, मोठ्याने म्हटलं,
एकजण राहिलीय.

ती दचकून उठली, बॅग सावरत,
आधी लाजली, मग रागावली, मग थँक्यू आँटी.
स्क्रीनवर शलाका, कोण राहिलंय?

मी उतरले. वळून
सीटवरून, दांड्यावरून, लोंबत्या कड्यांवरून
एकदा बोट फिरवलं.
तेवढ्यात फोनमध्ये तिकडची घंटा,
दाराची फुस्स, पावलं,
आणि दमलेला, खराखुरा आवाज,
उतरले गं. आता बोल.

फलाटावर कुणी नव्हतं.
बोट कुठे रोखावं कळेना,
शेवटी हवेतच धरलं
आणि म्हटलं, अगं,
मागे एकदा ना, दूध उतू गेलं होतं.